तळ्याच्या शहराचं वेळापत्रक

४ ऑक्टोबर, शनिवार

पैज लागली! चिरंजीवांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आणि मी लगेच हात पुढे केला — दे टाळी. दिली. आता माघार नाही.

झालं असं — दुपारी आला. बसला, पाणी प्यायला, आणि मग तेच दळण. आई, तू आता एकटी राहू नकोस. आई, माझ्याकडे चल. आई, हे घर भाड्याने देऊ. जूनमध्ये मी न्हाणीघरात घसरले, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हापासून दर भेटीला हाच पाठ. प्लास्टर निघून जमाना झाला, ह्याचं तोंड काही मिटत नाही. मी म्हटलं, मला एकटीला राहता येतं हे तुला कशाने पटेल ते तरी सांग. तर हसला. म्हणाला, "तू बाजारात जाऊन आलीस तरी दमले म्हणून फोन करतेस."

एकदा केला होता. एकदाच! तेवढं बरं लक्षात राहतं.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. म्हटलं, तळ्याच्या शहराला जाऊन दाखवते. तीन दिवस, दोन रात्री. तिकिटं, खोली, फिरणं — सगळं माझं मी ठरवणार, तू त्यात बोट घालायचं नाहीस. धड गेले आणि धड परत आले तर हा विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. काही घोळ झाला तर डिसेंबरात सामान बांधून मुकाट तुझ्याकडे येते.

त्याने रिकामा ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "बरं."

एकोणतीस वर्षं सातवीला भूगोलात ते तळं शिकवलं. फळ्यावर निळ्या खडूने काढायचे आणि ठणकावून सांगायचे — पलीकडचा काठ दिसत नाही, मुलांनो! मी अलीकडचा तरी कुठे पाहिला होता? हे म्हणायचे, पुढच्या सुट्टीत जाऊ. पुढच्या सुट्ट्या येत राहिल्या, हेच गेले. आता ते तळं आणि हे घर, दोन्ही एकाच डावावर लावून बसलेय. भीती वाटतेय का? वाटतेय. पण मजा जास्त वाटतेय.

५ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरच्या कर्नलला सांगितलं. सैन्यातली नव्हे — मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. हिच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने नर्सेस उभ्या राहायच्या म्हणे. आम्ही ठेवलेलं नाव आहे, आणि तिला ते आवडतं हे ती मेली तरी कबूल करणार नाही.

सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कधी निघायचं?"

७ ऑक्टोबर

दोघींत मजा नाही, भांडण झालं तर मिटवणार कोण? म्हणून तळमजल्यावरच्या चिमणीला घेतलं. जन्मभर शिलाईच्या दुकानात दुसऱ्यांचे कपडे कमी-जास्त करत बसली, त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याची पँट किती आखूड आहे ते बघते. बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून चिमणी.

तिच्या नवऱ्याला विचारावं लागेल असं वाटलं होतं. तो शब्दकोड्यात मान घालून बसला होता. ती म्हणाली, "मी तळ्याला जातेय हो, ह्या दोघींबरोबर." तो म्हणाला, "छत्री ने." झालं! एका क्षणात परवानगी. माझ्या चिरंजीवांनी ह्या माणसाकडे शिकवणी लावायला हवी.

९ ऑक्टोबर

वेळापत्रक तयार! दोन दिवस जेवणखाण विसरून बसले होते आणि आता ते समोर भिंतीवर आहे. तीन रंगांच्या स्केचपेननी. देखणं झालंय, उगाच नम्रपणा कशाला.

शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं मीच करायचे. मे महिन्यात अख्खी स्टाफरूम माझ्याशी गोड बोलायची. गणिताच्या बाईंना शेवटचा तास नको, पीटीच्या सरांना जेवणानंतरचा नको, चित्रकलेला जोडतास हवा, शास्त्राला प्रयोगशाळा मोकळी हवी. हेडमास्तर म्हणायचे, बाई, तुमच्या हातून एकदाही एक शिक्षक दोन वर्गांवर लागला नाही. लागणारच नाही! कुठलाही वर्ग रिकामा नाही, कुठलाही तास वाया नाही, हे माझं ब्रीद होतं.

तर ह्याचंही तसंच केलं. पहिला तास काठावरचा मोठा रस्ता. दुसरा-तिसरा जोडतास, वस्तुसंग्रहालय. छोटी सुट्टी, चहा. चौथा काचेचं उद्यान, पाचवा जुना बाजार. मोठी सुट्टी. सहावा दीपगृह. मग लाँच — पुन्हा जोडतास, कारण पाण्यावर घाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळाचा मनोरा, पूल, राजाचा बंगला. एक चौकट रिकामी नाही. शाळेतली घंटा असती तर ती पण बरोबर नेली असती.

उद्या दोघींना दाखवते. तोंडात बोटं घालतील.

१० ऑक्टोबर

घातली नाहीत.

चिमणी "किती गं सुबक" म्हणाली, पण तिला स्केचपेनचे रंग आवडले होते. कर्नल मात्र भिंतीसमोर हात मागे बांधून उभी राहिली. वाचत राहिली. मग वळली. "बाई, एक विचारू?"

"विचार."

"संग्रहालयाची घंटा झाली की आपण काचेच्या उद्यानात उडत जायचं का?"

मला कळेचना. ती म्हणाली, "अगं, मध्ये रस्ता आहे ना. नकाशा बघ. गावाच्या ह्या टोकाला संग्रहालय, त्या टोकाला उद्यान. तू दोन चौकटी एकीला एक चिकटवल्यास. मधलं अंतर कुठेय?"

नव्हतं! अख्ख्या वेळापत्रकात कुठेही नव्हतं! तीन दिवसांत आम्ही ना चालणार होतो, ना बस शोधणार होतो, ना जिने चढणार होतो. घंटा झाली की सातवी अ मधून आठवी ब मध्ये. शाळेत अंतर कधी लिहावंच लागलं नाही. व्हरांडा ओलांडला की पुढचा वर्ग. आणि भूगोल शिकवणारी बाई मी! नकाशाच्या खाली प्रमाण लिहिलं नाही म्हणून पोरांचे मार्क कापायचे!

चिमणी हसत सुटली. कर्नल हसली नाही, ते जास्त लागलं. मी म्हटलं, तुम्ही दोघी घरी जा. गेल्या.

राग आला. स्वतःचाच आला आणि दोघींवर काढला. ही चूक चिरंजीवाच्या हाती लागली असती तर? डिसेंबरची वाटही बघितली नसती त्याने.

११ ऑक्टोबर

कर्नल सकाळी न बोलावता आली. हातात लाल पेन्सिल. मी चहा ठेवला. दोघींपैकी कुणी कालचा विषय काढला नाही. तिने दीपगृह कापलं, बाजार कापला, राजाचा बंगला कापला. प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये एक कोरी चौकट आली. मी विचारलं, "ह्यात लिहू काय?" म्हणाली, "काही लिहू नकोस. ती जाण्यायेण्याची. लिहिलंस तर तेवढ्यातही काहीतरी शिकवशील."

वाईट म्हणजे — आता ते बरं दिसतंय.

१२ ऑक्टोबर

चिरंजीवाचा फोन. रोज येतो हल्ली. काय करतेस, काय जेवलीस, झोप लागली का. आज म्हणे, "आई, दोन माणसांच्या भाताला पाणी किती घालतात?"

मी काय दुधखुळी आहे? माझी परीक्षा चाललीय! डोकं ठिकाणावर आहे का, म्हातारी विसरायला लागलीय का. मी खडान्‌खडा सांगितलं. तांदूळ किती, पाणी किती, गॅस कधी बारीक करायचा, झाकण कधी उघडायचं नाही. वर म्हटलं, आणि एका माणसाचा असेल तर निम्मं, हेही सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. तो म्हणाला, "हो, ते पण हवंच होतं." सूनबाईला दे म्हटलं तर ती ऑफिसच्या कामात. रविवारी! त्या मुलीला नोकरी खाऊन टाकणार एक दिवस.

पैकीच्या पैकी मार्क मिळाले असणार मला.

१४ ऑक्टोबर

तिकिटं काढली! स्टेशनवर जाऊन, रांगेत उभं राहून, स्वतः. खिडकीपाशी पोचले तर आतला क्लार्क चष्मा वर करून बघायला लागला. टक्कल, मिशा. मला वाटलं फॉर्म चुकला.

"बाई? सातवी अ. मागच्या बाकावर. तुम्ही मला नकाशा उलटा लावला म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं."

मला मुळीच आठवेना. मी म्हटलं, "लावला असशील उलटा."

"लावला होता," म्हणाला. मग तिन्ही खालच्या जागा दिल्या, तिन्ही एका डब्यात, एक खिडकीची. मागच्या रांगेतले लोक कुरकुरले तर त्यांना म्हणाला, "जरा थांबा, माझ्या बाई आहेत." एवढ्या मोठ्या हॉलमध्ये! माझी मान जी ताठ झाली ती घरी येईपर्यंत तशीच होती.

कर्नल म्हणते, ओळखीने मिळालेली जागा पैजेत बसत नाही. मी म्हटलं, ओळख माझी आहे, चिरंजीवाची नाही. चिमणीने माझ्या बाजूने मत दिलं. दोन विरुद्ध एक.

१६ ऑक्टोबर

खोली! हा आजवरचा सर्वांत मोठा विजय.

मॅनेजर फोनवर गोड. "मॅडम, लेक व्ह्यू आहे." मी म्हटलं, खिडकी कोणत्या दिशेला? म्हणाला, छान मोठी खिडकी आहे मॅडम. मी म्हटलं, मी आकार नाही विचारला, दिशा विचारली. गडबडला. कुणालातरी विचारून आला, "पूर्व." मी म्हटलं, शहर तळ्याच्या पूर्व काठावर आहे. म्हणजे पाणी पश्चिमेला. पूर्वेच्या खिडकीतून मला काय दिसणार आहे, सांगा बरं.

मग म्हणाला, "वाकून बघितलं तर कोपऱ्यातून दिसतं, मॅडम."

वाकून! गुडघ्यांची ही अवस्था आणि वाकून! शेवटी पश्चिमेची मोठी खोली, तीन पलंगांची, पहिल्या मजल्यावर, त्याच भावात. फोन ठेवताना विचारतो, "मॅडम, तुम्ही आधी येऊन गेलात का?" म्हटलं, पुष्कळदा. फळ्यावर.

शेजारच्या दोघींना हा प्रसंग दोनदा सांगून झाला. तिसऱ्यांदा ऐकायला कुणी नाही म्हणून इथे लिहिला.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिरंजीव येऊन गेले. न कळवता. म्हणजे छापाच!

मी वेळापत्रक भिंतीवरून काढून गादीखाली सरकवलं, तोवर तो आत. शर्टाला इस्त्री नाही, दाढी वाढलेली. मी म्हटलं, हे काय ध्यान! म्हणाला, हल्ली अशीच फॅशन आहे. जेवायला बसला तर तीनदा भात घेतला. ताट स्वतः घासलं. मग कपबशा घासल्या, ज्या घासायच्या नव्हत्या. मग स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. मी त्याच्या मागे मागे. काय शोधतोय हा? गॅस चालू राहिलाय का, औषधं चुकतायत का, फ्रीजमध्ये काही नासलंय का. काहीही सापडू दिलं नाही.

नंतर सोफ्यावर आडवा झाला तो झोपलाच. संध्याकाळ होत आली तरी उठेना. झोपेत अगदी लहानपणीसारखा दिसतो, तोंड उघडं टाकून. क्षणभर जीव गलबलला. पण मी ओळखून आहे. मला पाघळवायचा डाव आहे हा. बोलून जमलं नाही, आता झोपून दाखवतोय.

उठल्यावर दारात उगाच घुटमळला. चपला घातल्या, काढल्या, पाणी प्यायला, पुन्हा घातल्या. मी म्हटलं, निघ आता, सूनबाई वाट बघत असेल. "हो," म्हणाला आणि गेला.

डाळ शिजू दिली नाही!

२१ ऑक्टोबर

रंगीत तालीम. तिघी पाठीवर आणि हातात पूर्ण सामान घेऊन बागेला तीन फेऱ्या. कर्नल पुढे. बागेतली म्हातारी मंडळी बाकावरून बघत होती. एकाने विचारलं, घर सोडून चाललात का? चिमणी म्हणाली, "हो, तिघी पळून चाललोय."

दुसऱ्या फेरीत चिमणी बसली. बॅग उचलवेना. कर्नलने तिथेच झिप उघडली — इस्त्री! शिवणाचा डबा, कात्री, टेप! "तिथे कुणाचं काही उसवलं तर?" माझं हसून पोट दुखलं. इस्त्री गेली, कात्री गेली. टेप तिने ब्लाउजमध्ये लपवलाय, मी पाहिलंय, पण सांगणार नाही.

माझे गुडघे मात्र तीन फेऱ्या पुरले. नंतर घरी येऊन दार लावलं आणि पलंगावर आडवी पडले, दुखत होतं बऱ्यापैकी. ते बागेला कळलं नाही, कर्नलला कळलं नाही, चिरंजीवाला तर नाहीच नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शेवटचा हल्ला परतवला.

फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणतो, "आई, मी पण येऊ का?"

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. तळ्याला. सुट्टी आहे माझी. मी मध्ये बोलणार नाही. मागच्या सीटवर बसेन. तुमच्या बॅगा उचलेन."

वा! म्हणजे हमाल म्हणून यायचं आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगायचं, मी होतो म्हणून निभावलं! मी म्हटलं, सुट्टी आहे तर सूनबाईला घेऊन जा कुठेतरी. तो म्हणाला, "तिला नाही जमायचं." मी म्हटलं, मग घरी बस. तुझं तिकीट नाही, खोलीत चौथा पलंग नाही आणि वेळापत्रकातही तुला जागा नाही. स्पष्ट. एका दमात.

मग म्हणाला, "बरं, मजा करा."

कर्नलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जरा जास्त कडक बोललीस का?" मी म्हटलं, तू मला हे सांगतेस? पैज म्हणजे पैज. हे असते तर म्हणाले असते, हिच्यापुढे हात टेकले.

२७ ऑक्टोबर

बॅग भरली. गॅस, पाणी, खिडक्या पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. उद्या! उद्या!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पाहिलं.

खोलीत सामान टाकलं आणि तोंडही न धुता खाली उतरलो. रस्ता ओलांडला. कठडा. आणि पुढे पाणी. नुसतं पाणी. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि दूरपर्यंत बघत राहिले. पलीकडचा काठ दिसत नाही. खरंच दिसत नाही! एकोणतीस वर्षं त्या पोरांना मी खोटं सांगत नव्हते.

आणि निळंही नाही. माझा खडू चुकला. करडं, हिरवट, मध्येच चमकणारं, आणि लांब कुठेतरी पाणी संपून आभाळ सुरू होतं ते नेमकं कुठे ते सांगता येत नाही. चिमणीसुद्धा गप्प होती. मला रडू आलं. ह्यांची आठवण आली. दोघांनी मिळून बघायचं होतं. कर्नलने बाजूला न बघता रुमाल पुढे केला. इस्त्रीचा.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे चिरंजीवाला एक निरोप पाठवला, 'पोचलो, ठीक.' उत्तर लगेच. जणू फोन हातात घेऊनच बसला होता. 'फोटो पाठव.' एक पाठवला. 'आणखी पाठव ना.' पुरावे गोळा करतोय! पाच पाठवले. बस बघत.

२९ ऑक्टोबर

वस्तुसंग्रहालय बंद. दारावर पाटी, बुधवारी बंद. मी वेळापत्रक काढून नुसती उभी. जोडतास वाया!

पण बाई कसल्या आहेत? शिक्षक गैरहजर असेल तर वर्ग सोडून द्यायचा नसतो, बदली तास लावायचा असतो. लावला. काठावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, तिथे बसायचं. विषय, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी असला विषय वेळापत्रकात लिहिला, आणि सांगते, दोन्ही दिवसांतला सर्वांत छान तास तोच झाला. पाय पाण्यात सोडून बसलो. चिमणीने तिच्या लग्नाआधीच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. कर्नल चक्क एक गाणं गुणगुणली, बेसूर.

तेवढ्यात चिमणीची चप्पल गेली. एका पायाची. पायरीवरून घसरली आणि ऐटीत तरंगत निघाली. मला घामच फुटला. हा घोळ धरायचा का? ह्याच्यावरून माझं घर जायचं? कर्नल उठली, लांबवर एक नावाडी होता त्याच्याकडे बोट करून नुसतं म्हणाली, "अहो, ती चप्पल." ओरडलीसुद्धा नाही. त्याने वल्ही फिरवली आणि चप्पल आणून पायरीवर ठेवली. तो जाईस्तोवर चिमणी त्याची पँट बघत होती. आखूड होती म्हणे.

मतदान झालं — घोळ नाही. तिन्ही मतं.

दुपारी लाँच. वाऱ्याने केस विस्कटले ते कुणी नीट केले नाहीत. दीपगृह आम्ही कापलं होतं ना? लाँच त्याच्या पुढून गेली! आयतं दिसलं. संध्याकाळी खिडकीतून सूर्य पाण्यात जाताना पाहिला. पश्चिमेच्या खिडकीतून. न वाकता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

तिघी धड. सामान धड. गुडघे जवळजवळ धड. गाडी वेळेवर. फलाटावर चिरंजीव उभा. मी खाली उतरले, बॅग खाली ठेवली, हात कमरेवर ठेवले आणि म्हटलं, "मग?"

मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं त्याने. ह्या पोराचे डोळे किती खोल गेलेत, नीट जेवत नाही वाटतं. म्हणाला, "जिंकलीस, आई. विषय संपला. पुन्हा नाही काढणार."

"शब्द?"

"शब्द."

कर्नलने साक्षीदार म्हणून मान हलवली. त्याने तिघींच्या बॅगा उचलल्या, एकट्याने, आणि पुढे चालायला लागला. घरापर्यंत सोडलं. चहा घे म्हटलं तर म्हणाला, नको, तू दमली असशील. मी म्हटलं, मी? दमले? आणि हसले. तोही हसला, थोडंसं.

आज ह्या घराच्या भिंतींना हात लावून आले, एकेकीला. माझं घर. कुणाच्या बापाची हिंमत नाही आता.

३१ ऑक्टोबर

दिवसभर लोळले. फोटो पाहिले. पुन्हा पाहिले.

चिरंजीवाचा फोन नाही. शब्दाचा पक्का आहे, बापासारखा.

२ नोव्हेंबर, रविवार

काल दुपारी आला तो गेलाच नाही. एक छोटी बॅग. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. सोफ्यावर झोपला. आज सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी सूनबाईला फोन केला.

ती म्हणाली, "आई, त्याने तुम्हाला अजून सांगितलं नाही? मी नाही राहत तिथे. मे महिन्यातच निघाले." आवाज शांत होता तिचा. मला म्हणाली, तब्येतीला जपा.

मे. मी पडले त्याच्या आधी.

तो केस पुसत बाहेर आला. माझ्या हातातला फोन पाहिला. टॉवेल तसाच हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तो विषय मी काढत नाहीये. फक्त थोडे दिवस इथे राहू का?"

भात टाकलाय. दोघांचा. आतल्या खोलीतला पलंग रिकामा करायचाय.